ग्रंथालय सुधारायचे तर आधी पुस्तके मोजा : पडताळणीपासून निर्लेखनाच्या ठरावापर्यंतचा क्रम

बडोद्यातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाची नवी कार्यकारिणी निवडून आली की पहिल्या काही सभांत बहुधा तेच ठराव होतात : संगणक घ्यावा, नवी पुस्तके घ्यावीत, वाचनकक्षाला रंग द्यावा. हे ठराव मनापासून केलेले असतात. तरीही दोन वर्षांनी असे दिसते की कपाटात नसलेली शेकडो पुस्तके संगणकावर नोंदली गेली आहेत, कपाटात असलेल्या कित्येक पुस्तकांची नोंद कोठेच नाही, आणि ज्या पुस्तकाच्या दोन प्रती आधीच होत्या त्याची तिसरी विकत घेतली गेली आहे. चूक कामात नसते, कामाच्या क्रमात असते. आपल्याकडे नेमके काय आहे हे मोजल्याशिवाय केलेली प्रत्येक सुधारणा जुन्या चुकांवर नवा खर्च चढवते.

शहरातील लहान आणि मध्यम ग्रंथालयांच्या समित्यांवर काम करताना हीच चूक मी वारंवार पाहिली आहे, आणि एकदा तिच्यात सहभागीही झालो आहे. त्यामुळे येथे फक्त पडताळणी, तिच्यातून निघणारी निवड आणि त्यावरचा ठराव यांचा क्रम सविस्तर दिला आहे. ज्या ग्रंथालयाकडे साधारण पाच ते वीस हजार पुस्तके आहेत, एक-दोन पगारी सेवक आहेत आणि कारभार विश्वस्त संस्थेकडे आहे, असे ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

टप्पा १ : अधिकार कोणाचा, हे कागदावर आणा

पडताळणीच्या शेवटी काही पुस्तके दप्तरातून कमी करावी लागतात, यालाच निर्लेखन म्हणतात. ती संस्थेची मालमत्ता असल्यामुळे ती कमी करण्याचा अधिकार कोणाचा, हे सुरुवातीलाच पाहावे. संस्थेची घटना उघडून तीन गोष्टी तपासाव्यात : मालमत्तेसंबंधी निर्णय कार्यकारिणी घेऊ शकते की सर्वसाधारण सभा, गणपूर्ती किती लागते, आणि इतिवृत्तावर कोणाच्या सह्या आवश्यक आहेत. घटनेत याविषयी काहीच नसेल तर निर्णय कार्यकारिणीने घ्यावा आणि सर्वसाधारण सभेची मान्यता मिळवावी, हा सुरक्षित मार्ग आहे.

सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेने विश्वस्तांत बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे फेरफार अहवाल देणे कलम २२ नुसार आवश्यक असते. आपल्याकडे निवडणूक होते, अभिनंदन होते आणि हा अहवाल राहून जातो. मग निर्लेखनाच्या ठरावावर सही करणाऱ्यांची नावे सरकारी नोंदीत नसतात आणि उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर देणे अवघड होते. हे काम आधी उरकावे.

त्यानंतर पडताळणी सुरू करण्याचा स्वतंत्र ठराव करावा. त्यात कामाचा कालावधी, पडताळणी समितीतील तिघांची नावे, देवघेव बंद राहण्याच्या तारखा आणि अहवाल सादर करण्याची तारीख असावी. ज्यांच्या ताब्यात पुस्तके आहेत त्यांनी एकट्याने पडताळणी करू नये, पण त्यांना वगळूनही ती करू नये. ग्रंथपालांना समितीत घ्यावे आणि ही चौकशी नसून मोजणी आहे, हे अध्यक्षांनी पहिल्याच सभेत सर्वांसमक्ष सांगावे. न सापडलेल्या प्रत्येक पुस्तकाचा ठपका आपल्यावर येणार, अशी भीती ज्या सेवकाला वाटते तो पुस्तके शोधत नाही, स्पष्टीकरणे शोधतो. वीस-वीस वर्षे अल्प मानधनावर ग्रंथालय सांभाळणाऱ्या माणसांना आपण एवढा विश्वास देणे लागतो.

*तपासणी :* ठरावाची प्रत सूचनाफलकावर लागली आहे का? लागली नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : काळ निवडा

बडोद्यात जून ते सप्टेंबर ही मोजणीची वेळ नव्हे. दमट हवेत कपाटे रिकामी करून पुस्तके जमिनीवर मांडणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे आहे. नवरात्रात स्वयंसेवक मिळत नाहीत, दिवाळीत वाचक बाहेरगावी असतात, आणि फेब्रुवारीपासून वाचनकक्ष परीक्षार्थींनी भरतो. म्हणून लाभपंचमीनंतर काम सुरू करून उत्तरायणापूर्वी मोजणी संपवावी. जानेवारीचा उरलेला भाग आणि फेब्रुवारी शोधासाठी ठेवावा, म्हणजे निर्लेखनाचा ठराव मार्चअखेरीपूर्वी होतो आणि त्याच वर्षीच्या हिशेबात जातो.

किती दिवस लागतील हे अंदाजाने ठरवू नये. एक कपाट घड्याळ लावून मोजून पाहावे. समजा, एका जोडीने तासाला ९० पुस्तके तपासली. मग १३,००० पुस्तकांना सुमारे १४५ तास लागतील, आणि दोन जोड्यांनी रोज तीन तास काम केले तर २४-२५ दिवस. त्यात अडचणींसाठी चौथा हिस्सा मिळवून महिनाभराची तयारी ठेवावी. आठवडाभरात होईल असे जाहीर करून घाईने उरकलेली मोजणी पुन्हा करावी लागते, आणि दुसऱ्या वेळी स्वयंसेवक येत नाहीत.

टप्पा ३ : बाहेर गेलेल्या पुस्तकांची यादी

मोजणीसाठी सर्व पुस्तके परत आलीच पाहिजेत हा गैरसमज आहे. हट्टाने परत मागवलेली पाचशे पुस्तके शेवटच्या दोन दिवसांत टेबलावर येऊन पडतात आणि गोंधळ वाढतो. पुस्तक परत येणे आवश्यक नाही, ते कोणाकडे आहे याची खात्रीलायक नोंद असणे आवश्यक आहे. देवघेवीची सर्व कार्डे दाखल क्रमांकानुसार (नोंदवहीत पुस्तकाला मिळालेल्या क्रमांकानुसार) लावून त्यांची एक यादी करावी. ज्या कार्डावर तीन वर्षांहून जुनी तारीख आहे ते पुस्तक ‘वाचकाकडे’ या सदरात न घालता वेगळ्या यादीत लिहावे आणि त्या सभासदाला पत्र पाठवावे.

नोंद न करता नेलेल्या पुस्तकांत समिती सदस्यांची, माजी पदाधिकाऱ्यांची आणि व्याख्यानासाठी ‘दोन दिवसांकरिता’ दिलेली पुस्तके पुष्कळ असतात, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. म्हणून सर्वांत आधी कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने आपल्या घरचे कपाट पाहावे, ग्रंथालयाचा शिक्का असलेले प्रत्येक पुस्तक आणून द्यावे आणि यापुढे नोंदीशिवाय एकही पुस्तक नेणार नाही असा ठराव करावा. अध्यक्षांनी स्वतःची पुस्तके सर्वांसमक्ष जमा केली की सभासदांना वेगळे आवाहन करण्याची फारशी गरज उरत नाही.

टप्पा ४ : दाखल नोंदवही आणि अंकतक्ते

सारी मोजणी दाखल नोंदवहीवर उभी असते. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तीत एक क्रमांक मिळतो आणि तो त्या पुस्तकाचा कायमचा क्रमांक असतो. सर्व खंड एकत्र आणून कोणता खंड कोठून कोठपर्यंत आहे हे पाहावे. एखादा खंड नसेल, मध्येच क्रमांक सुटले असतील किंवा एकच क्रमांक दोनदा पडला असेल, तर ते एका कोऱ्या वहीत लिहून ठेवावे. नोंदवहीत आत्ताच दुरुस्ती करू नये. नंतर प्रत्येक पानाचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र काढून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यांपैकी एक ठिकाण ग्रंथालयाच्या इमारतीबाहेरचे असावे.

आता अंकतक्ते तयार करावेत. एका कागदावर वीस स्तंभ आणि पंचवीस ओळी आखल्या की पाचशे क्रमांक मावतात, म्हणजे १४,८६२ क्रमांकांसाठी तीस कागद पुरतात. पूर्वी रद्द झालेल्या पुस्तकांचे क्रमांक नोंदवहीतून पाहून तांबड्या रेघेने आधीच खोडावेत. मोजणीत पुस्तक हाती आले की त्याचा क्रमांक निळ्या रेघेने खोडायचा. प्रत्येक पुस्तकासाठी जाडजूड नोंदवही उलगडत बसण्याची जुनी रीत सोडावी. तिच्यामुळे वेळ तर जातोच, शिवाय नोंदवहीची जीर्ण पाने फाटतात.

प्रत्येक कपाटाला आणि त्यातील प्रत्येक फळीला तात्पुरता क्रमांक द्यावा. टेबलांवरची, दारामागची, माळ्यावरची आणि कार्यालयातील काचेच्या कपाटातील पुस्तकेही ‘कपाट’ मानून त्यांना क्रमांक द्यावेत. कुलूप असलेल्या कपाटांच्या किल्ल्या आधीच गोळा कराव्यात. एका किल्लीसाठी अडलेले कपाट ‘नंतर पाहू’ म्हणून राहते आणि त्यातच मोलाची पुस्तके असतात.

*सावधान :* मोजणी संपेपर्यंत पुस्तकांची जागा बदलू नये, धूळ झटकण्यासाठीसुद्धा नाही. स्वच्छता मोजणीच्या आधी करावी किंवा नंतर.

टप्पा ५ : प्रत्यक्ष मोजणी

जोडीतील एकाने पुस्तक फळीवरून काढावे, शिक्क्याजवळचा दाखल क्रमांक आणि नावातील पहिला शब्द मोठ्याने वाचावा. दुसऱ्याने तोच क्रमांक मोठ्याने परत उच्चारून तक्त्यावर खोडावा. हा उच्चार कंटाळवाणा वाटतो, पण ३,८४५ आणि ३,४८५ यांची अदलाबदल फक्त त्यानेच टळते. क्रमांक पाठीवरच्या चिठ्ठीवरून न वाचता आतील पानावरून वाचावा, कारण पुनर्बांधणीत चुकीच्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात. तपासलेल्या पुस्तकात शेवटच्या पानावर मऊ पेन्सिलीने त्या वर्षाची लहान खूण करावी, म्हणजे महिन्याने वाचकाकडून परत आलेले पुस्तक मोजले गेले आहे की नाही हे लगेच कळते.

मोजता मोजता ‘हे काढून टाकू, हे ठेवू’ असा विचार सुरू होतो. तो थांबवावा. जीर्ण पुस्तकात पिवळी आणि शंकास्पद पुस्तकात पांढरी चिठ्ठी घालून ते आपल्या जागी परत ठेवावे. मोजणी आणि निवड एकाच वेळी केली की पुस्तक फळीवरून उठते, कोपऱ्यातल्या ढिगात जाते, आणि त्याचा क्रमांक खोडला होता की नव्हता हे सांगायला कोणी उरत नाही.

तीन प्रकारची पुस्तके अडचण करतात. पहिली, क्रमांक नसलेली. यांत देणगी म्हणून आलेली आणि कधीच न नोंदलेली पुस्तके बहुसंख्य असतात. त्यांना वेगळ्या कपाटात ठेवावे आणि मोजणी पूर्ण झाल्यावर आजच्या तारखेने, पुढचे नवे क्रमांक द्यावेत. कोठून मिळाले या सदरात ‘पडताळणीत आढळले’ असे लिहावे. रद्द झालेल्या पुस्तकाचा रिकामा क्रमांक त्यांना कधीही देऊ नये. ही चूक अगदी सार्वत्रिक आहे, आणि तिच्यामुळे एका क्रमांकाच्या दोन वेगवेगळ्या पुस्तकांचा गुंता वर्षानुवर्षे सुटत नाही. दुसरी, ज्यांचा क्रमांक आधीच खोडलेला आहे अशी. येथे दोन पुस्तके हाती घेऊन नोंदवहीतील लेखक, पृष्ठसंख्या आणि किंमत यांच्याशी ताडून पाहावी लागतात. तिसरी, दुसऱ्या ग्रंथालयाचा शिक्का असलेली. त्यांची यादी करून ती त्या ग्रंथालयाला पत्रासह परत करावीत, आणि आपलीही त्यांच्याकडे आहेत का हे त्याच पत्रात विचारावे.

*तपासणी :* दिवसअखेर फळ्यांवर मोजलेली एकूण पुस्तके आणि तक्त्यांवर त्या दिवशी खोडलेले क्रमांक यांची संख्या जुळली पाहिजे. फरक असेल तर त्याच संध्याकाळी शोधावा, कारण आठवड्याने तो सापडत नाही.

टप्पा ६ : हिशेब आणि शोध

आता बेरीज-वजाबाकी करावी. उदाहरणार्थ, शेवटचा दाखल क्रमांक १४,८६२ आहे आणि पूर्वी रद्द झालेली पुस्तके १,२४० आहेत, तर ग्रंथालयात १३,६२२ असावयास हवीत. कपाटांत १२,६१० सापडली, वाचकांकडे ३८५ आहेत, बांधणीला ४२ गेली आहेत, म्हणजे हिशेब १३,०३७ चा लागला. उरली ५८५.

या ५८५ पुस्तकांना अहवालात ‘हरवलेली’ म्हणू नये, ‘न सापडलेली’ म्हणावे. हा शब्दांचा खेळ नाही. ‘हरवले’ हा निष्कर्ष आहे आणि तो काढण्याचा अधिकार पडताळणी समितीला नाही, कार्यकारिणीला आहे. न सापडलेल्यांची यादी लेखकांच्या नावांनुसार लावून पुन्हा शोध घ्यावा. चुकीच्या विभागात ठेवलेली, मोठ्या ग्रंथामागे सरकलेली, दोन पुस्तके एकत्र बांधल्यामुळे दुसऱ्याचा क्रमांक आत दडलेली, अशी अनेक पुस्तके या दुसऱ्या फेरीत मिळतात. यादी महिनाभर सूचनाफलकावर लावावी. सभासदांच्या घरून पुस्तके येऊ लागतात आणि त्या वेळी कोणालाही प्रश्न विचारू नयेत.

किती तूट वाजवी मानावी, यावर सभांत तास जातात. त्यासाठी एक उपयोगी माप उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम २१५ नुसार वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा संदर्भासाठी पाहिल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची तूट वाजवी मानता येते, मात्र तिच्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या, तसेच विशेष किंवा दुर्मीळ पुस्तकाच्या तुटीची चौकशी मात्र करावीच लागते. याच नियमात वीस हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण, आणि वीस ते पन्नास हजारांपर्यंतच्या ग्रंथालयाने तीन वर्षांतून किमान एकदा पडताळणी करावी असे सांगितले आहे. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, विश्वस्त संस्थेवर तो बंधनकारक नाही. पण लेखापरीक्षकाला हे माप मान्य होण्यासारखे असते, म्हणून अहवालात त्याचा आधार द्यावा. वर्षाला १८,००० पुस्तकांची देवघेव होत असेल तर वाजवी तूट ९० पुस्तके ठरते. शेवटची पडताळणी सहा वर्षांपूर्वी झाली असेल तर ५४०. म्हणजे वरच्या उदाहरणातील ५८५ ही संख्या मर्यादेच्या थोडी बाहेर आहे, आणि ती कोणत्या विभागात एकवटली आहे हे पाहण्याजोगे आहे. सगळी तूट स्पर्धापरीक्षांच्या एकाच कपाटात असेल तर उपाय त्या कपाटाची जागा बदलणे हा आहे, सर्व वाचकांच्या पिशव्या तपासणे हा नव्हे.

टप्पा ७ : काय ठेवायचे, काय काढायचे

मोजणी पूर्ण झाल्यावरच निवड सुरू करावी, आणि ती एका माणसावर सोपवू नये. ग्रंथपाल, एक अनुभवी वाचक आणि त्या विषयाचा जाणकार, असे तिघे असावेत.

काढण्याची कारणे साधी आहेत. पाने ठिसूळ झाली आहेत आणि बांधणीने सावरणार नाहीत, एकाच पुस्तकाच्या गरजेहून अधिक प्रती आहेत, किंवा मजकूर आता वाचकाची दिशाभूल करतो. तिसऱ्या कारणाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असताना भारतीय दंडविधानावरची परीक्षा-मार्गदर्शके वाचनकक्षात तशीच असतात, वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आल्यानंतरही विक्रीकराची पुस्तके ‘वाणिज्य’ विभागात उभी असतात, आणि गावाकडून शिकायला आलेला मुलगा ती विश्वासाने वाचतो. जुन्या कायद्याच्या मूळ संहितेची एक प्रत संदर्भासाठी ठेवावी, मार्गदर्शके काढावीत.

‘पाच वर्षांत कोणी नेले नाही’ हे एकटे कारण पुरेसे नाही. एका समितीत असताना आम्ही हाच निकष लावला. माळ्यावर नियतकालिकांचे न बांधलेले जुने मराठी अंक होते. त्यांना दाखल क्रमांक नव्हते, म्हणून ते पडताळणीच्या यादीतही नव्हते, आणि कोणी मागत नाही म्हणून ते पस्तीत (रद्दीत) गेले. त्या निर्णयावर माझीही सही होती. वर्षभराने एक संशोधक विद्यार्थिनी तेच अंक शोधत आली. त्यांचा दुसरा संच आम्ही शहरात पुष्कळ शोधला, तो मिळाला नाही. ती शांतपणे आभार मानून गेली आणि त्या दिवसापासून मी यादीबाहेरच्या एका कागदालाही पस्तीत जाऊ दिलेले नाही.

म्हणून पुढील साहित्य कितीही जीर्ण असले तरी जाणकाराच्या लेखी मताशिवाय हलवू नये : बडोदे संस्थानच्या काळात येथे छापलेली मराठी आणि गुजराती पुस्तके, सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला या संस्थानच्या ग्रंथमालांतील कोणतेही पुस्तक, संस्थानी अहवाल, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका, मोडीतील कागद, हस्तलिखिते, आणि लेखकाची किंवा देणगीदाराची सही असलेल्या प्रती. आपल्याला जागा नसेल तर मध्यवर्ती ग्रंथालय किंवा महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय यांना आधी यादी पाठवून विचारावे. न विचारता टेम्पो भरून पाठवू नये.

*सावधान :* सरकारी अनुदानातून घेतलेली किंवा राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेली पुस्तके वेगळ्या यादीत घ्यावीत, आणि अनुदानाच्या अटी वाचल्याशिवाय त्यांचे निर्लेखन करू नये.

टप्पा ८ : निर्लेखनाचा ठराव

‘जुनी पुस्तके काढून टाकण्याचे ठरले’ एवढ्या एका ओळीचा ठराव निरुपयोगी असतो. न सापडलेली आणि जीर्ण किंवा कालबाह्य, अशा दोन स्वतंत्र याद्या जोडाव्यात. प्रत्येक यादीत दाखल क्रमांक, लेखक, नाव, नोंदवहीतील किंमत आणि कारण हे रकाने असावेत. ठरावाचा मसुदा साधारण असा करता येईल :

‘पडताळणी समितीचा अहवाल वाचण्यात आला. सोबतच्या यादी “अ” मधील … पुस्तके दोन वेळा शोध घेऊनही न सापडल्याने, आणि यादी “ब” मधील … पुस्तके जीर्ण अथवा कालबाह्य झाल्याने, त्यांची नोंदवहीतील एकूण किंमत रुपये … दप्तरातून कमी करण्यास ही सभा मान्यता देते. यादी “ब” मधील पुस्तकांची विल्हेवाट कार्यवाह आणि ग्रंथपाल यांनी संयुक्तपणे करावी, येणारी रक्कम ग्रंथखरेदी निधीत जमा करावी आणि त्याचा अहवाल पुढील सभेत ठेवावा.’

ठराव संमत झाल्यानंतर नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाच्या ओळीवर तांबड्या शाईची एकच सरळ रेघ ओढावी, शेऱ्यात ठराव क्रमांक आणि दिनांक लिहावा आणि कार्यवाहांनी आद्याक्षरी करावी. पांढरा रंग लावून खोडणे, पान चिकटवणे किंवा नवी ‘स्वच्छ’ नोंदवही लिहून काढणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. पुस्तकांवर ‘रद्द’ असा शिक्का मारल्याशिवाय ती इमारतीबाहेर जाऊ नयेत, अन्यथा कोणीतरी ती प्रामाणिकपणे परत आणून देते. विक्री करायची तर ती सर्व सभासदांना एकाच दिवशी खुली करावी. समिती सदस्यांनी आधी निवड करून घेण्याची प्रथा असेल तर ती बंद करावी.

टप्पा ९ : आता संगणक

येथपर्यंत आल्यावर संगणकावर नोंदवायची पुस्तके प्रत्यक्ष हातात असतात. ग्रंथालयांसाठीची कोहा ही संगणकप्रणाली किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली, दोन्ही चालतात. कोणती घ्यावी यावर वाद घालण्यापेक्षा नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण मराठी नोंदी चुकतात त्या पुढील ठिकाणी.

जुन्या मुद्रण-फाँटमध्ये टंकलेले काहीही नव्या प्रणालीत घालू नये, ते निरर्थक अक्षरे होऊन बसते. फक्त युनिकोड वापरावे. दाखल क्रमांकाच्या रकान्यात देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळू नयेत. संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे असतात आणि अर्धी पुस्तके शोधात येत नाहीत, म्हणून तेथे केवळ इंग्रजी अंकच लिहावेत. ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, पण शोधात जुळत नाही. सर्व टंकलेखकांनी एकच कळफलक वापरावा. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात. मुखपृष्ठावर छापले आहे तसेच नाव मुख्य रकान्यात आणि आजच्या लेखनातील रूप पर्यायी नावाच्या रकान्यात द्यावे. लेखकाचे नाव आद्याक्षरांनी की पूर्ण, आडनाव आधी की नंतर, याची एक वही करावी आणि तीत नाव नसेल तर आधी तेथे लिहून मगच संगणकावर घालावे. गुजराती पुस्तक गुजराती लिपीतच नोंदवावे.

वर्गीकरण बदलण्याचा मोह या वेळी आवरावा. कादंबरीला ‘क’ आणि नाटकाला ‘ना’ लिहिण्याची जुनी पद्धत सेवकांना आणि वाचकांना पाठ असेल तर पंधरा हजार पुस्तकांपर्यंत ती पुरते. विषयांना आकड्यांचे वर्गांक देणारी ड्यूई दशांश पद्धत घ्यायचीच असेल तर मराठी साहित्याला ८९१.४६, हिंदीला ८९१.४३ आणि गुजरातीला ८९१.४७ हे वर्गांक आहेत. मात्र ते काम पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे करावे.

जीर्ण पुस्तकांचे स्कॅनिंग करताना कॉपीराइट पाहावा. १९५७ च्या कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेली कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. ती सर्वांसाठी खुली करणे ही वेगळी गोष्ट आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेले पुस्तक त्याच्या निधनानंतरची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर मुक्त होते, म्हणजे १९६५ साली निधन झालेल्या लेखकाची अशी पुस्तके १ जानेवारी २०२६ पासून.

टप्पा १० : पावसाळ्यापूर्वी

विश्वामित्री नदीचे पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये शहरात कोठवर आले ते आपण पाहिले आहे. मे महिन्यात सर्वांत खालची फळी रिकामी करावी, आणि ते शक्य नसेल तर तेथे सहज पुन्हा विकत मिळणारी पुस्तके ठेवावीत. दाखल नोंदवह्या, इतिवृत्ते आणि बांधलेली जुनी नियतकालिके वरच्या मजल्यावर किंवा सर्वांत वरच्या फळीवर असावीत.

पुस्तके भिजलीच तर उन्हात वाळवू नयेत आणि चिकटलेली पाने ओढू नयेत. बुरशी साधारण ४८ तासांत धरू लागते, म्हणून पंखे लावून, पुस्तके उभी उघडून, मधूनमधून कोरा शोषक कागद घालून तो वारंवार बदलावा. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तके आधी घ्यावीत, कारण ती वाळताना पाने कायमची जोडली जातात. एकाच वेळी सांभाळता येणार नाहीत इतकी पुस्तके असतील तर उरलेली प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून शीतगृहात गोठवून ठेवता येतात आणि नंतर थोडी थोडी वाळवता येतात. परिसरातील कोणते शीतगृह अशा वेळी जागा देईल हे मे महिन्यातच विचारून त्याचा दूरध्वनी क्रमांक ग्रंथपालांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवावा, आणि त्याच्या शेजारी पुढच्या पडताळणीच्या प्रारंभाची तारीख लिहावी.